धानाचं औषध आणि पऱ्हाटीची लांबट पानं

नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, कुही-मांढळच्या पट्ट्यात धुऱ्याच्या अलीकडे धानाची बांधी आणि पलीकडे पऱ्हाटी किंवा मिरची असं चित्र नवं नाही. रोवणी आटोपली की धानातल्या रुंद पानांच्या तणावर २,४-डी फवारतात. धानाला फारसं काही होत नाही. शेजारच्या पऱ्हाटीची नवी पानं मात्र पुढच्या काही दिवसांत अरुंद, लांबट, भेंडीच्या पानासारखी चिरलेली निघतात. अनेकांना तो रोग वाटतो, आणि रोगावर म्हणून आणखी एक फवारा बसतो. पैसे जातात, पानं तशीच राहतात.

रोग नसतोच तो. ती भरकटलेली वाढ असते, आणि ती समजून घ्यायची तर शेत सोडून प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीकडे जावं लागतं.

वनस्पतीच्या खोडाचा किंवा पानाचा तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार आणि जीवनसत्त्वं घातलेल्या माध्यमावर ठेवला, की त्याच्या पेशी विभागू लागतात आणि पांढरट-पिवळसर गोळा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली सुचवलेलं माध्यम यासाठी आजही जगभर वापरात आहे. गंमत पुढेच आहे. पेशींनी विभागत राहावं म्हणून या माध्यमात बहुतेक वेळा जे द्रव्य घालतात, ते हेच २,४-डी! कापसाच्या पेशींपासून रोप तयार करण्याच्या कित्येक पद्धतींतही ते असतं.

फरक मात्रेचा आहे. बाटलीत लिटरमागे साधारण एक-दोन मिलिग्रॅम पुरतं. शेतात हेक्टरी पाऊण किलो क्रियाशील घटक ५०० लिटर पाण्यातून फवारला, तर लिटरमागे १,५०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे हजारपट. बाटलीतही मात्रा फार वाढवली की वाढ मंदावते आणि गोळा काळवंडतो.

२,४-डी हे ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. अस्सल ऑक्सिनचं काम झालं की वनस्पती ते निकामी करते. या नकलेला तिला लवकर आवरता येत नाही. वाढीचा हुकूम चालूच राहतो. गाजराच्या पेशींवरच्या प्रयोगांत हे फार छान दिसतं: माध्यमात २,४-डी असेपर्यंत पेशी नुसत्या वाढतात, ते काढून घेतलं की त्याच पेशींपासून भ्रूण आणि पुढे रोपं तयार होतात. म्हणजे २,४-डी असेपर्यंत वाढ आहे, पण आकार नाही. पऱ्हाटीच्या शेंड्यातही हेच घडतं. धानासारखी गवतवर्गीय पिकं हे द्रव्य लवकर मोडतात आणि त्यांच्यात ते कमी पसरतं, म्हणून ती तगतात.

प्रत्येक तणनाशक पेशीत नेमकं काय मोडतं, हे ओळखायलाही पेशीसंवर्धन उपयोगी पडलं. अॅट्राझिन प्रकाशसंश्लेषण रोखतं. बाटलीतल्या पांढऱ्या पेशी आयत्या साखरेवर जगतात, त्यामुळे त्यांचं त्याने फारसं बिघडत नाही. ग्लायफोसेटचं तसं नाही. ते काही आवश्यक अमिनो आम्लं तयार होण्याची वाट अडवतं, तेव्हा साखर कितीही दिली तरी पेशी अडकतात. १९७७ साली अमेरिकेत गाजर आणि तंबाखूच्या पेशींवर प्रयोग झाले, तेव्हा तीच आम्लं माध्यमात बाहेरून दिल्यावर ग्लायफोसेटचा मार कमी झाला. ग्लायफोसेट ज्या एन्झाइमला अडवतं तो नेमका कोणता, हे १९८० मध्ये कळलं. १९८४ मध्ये शॅलेफ आणि रे यांनी तंबाखूच्या संवर्धित पेशींना सल्फोनिलयुरिया तणनाशक पाजून, त्यातून वाचलेल्या पेशींपासून सहनशील रोपं उभी केली.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा: तणनाशक सहन करणारा कापूस सगळीच तणनाशकं सोसतो, हा. अशा कापसाला आपल्याकडे अजून मान्यता नाही, तरी विदर्भात तो पेरला जातो. २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तो उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्या कापसातला जनुक ग्लायफोसेटपुरता आहे. २,४-डीपुढे तो इतर पऱ्हाटीइतकाच उघडा पडतो.

पंपाच्या तळाला, नळीत राहिलेला अंशही पऱ्हाटीला पुरतो. म्हणून २,४-डीसाठी पंप वेगळाच ठेवा, वारा कापसाकडे वाहत असेल तर फवारणी पुढे ढकला, आणि हवेत लवकर उडणाऱ्या एस्टरऐवजी अमाइन क्षार घ्या. तरीही पानं लांबट निघालीच, तर आधी गेल्या पंधरवड्यात पंपात काय होतं ते आठवा. दुकानात नंतर जा. मार हलका असेल तर काही आठवड्यांत नवी पानं नेहमीसारखी फुटतात.