उपग्रहाला पीक दिसते, कसणारा नाही

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे बेला मंडळ पैनगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. नदीपलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा आहे. दोन्ही काठांवर काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि मराठी बोलणारी माणसे आढळतात. जमिनीची दप्तरे मात्र दोन राज्यांची आहेत. आकाशातून टिपलेल्या प्रतिमेत ही सीमा उमटत नाही. तिच्यात दिसते ते केवळ पीक.

पिकाची ओळख पटते ती प्रकाशावरून. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंतील फरकावरून हिरवाईचा निर्देशांक काढला जातो. भारतात १९७०च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी केरळमध्ये हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन माडांवरील रोग हुडकला. सुदूर संवेदनाची येथील सुरुवात त्या प्रयोगापासून मानली जाते.

पीक कोणते, हे एका प्रतिमेवरून सहसा ठरत नाही. सोयाबीन लवकर पिवळे पडते, कापूस मात्र वेचणी सुरू झाल्यावरही हिरवा राहतो. म्हणून हंगामभराच्या प्रतिमांची तुलना करावी लागते.

अडचण शेताच्या आकाराची आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन १० मीटर बाजूचा असतो; एका एकरात असे सुमारे ४० चौकोन बसतात. भारताच्या रिसोर्ससॅट-२ उपग्रहावरील लिस-३ कॅमेऱ्याचा चौकोन २३.५ मीटरांचा, म्हणजे एकरात जेमतेम सात. बांधावरच्या चौकोनात दोन शेते मिसळतात, तर कापसात तुरीच्या ओळी असल्या की दोन पिके. खरिपात ढगही आड येतात. तेव्हा ढगांपार पाहणाऱ्या रडार प्रतिमांचा आधार घेतला जातो; २०२२ मध्ये इस्रोने सोडलेला ईओएस-०४ हा असाच रडार उपग्रह आहे.

तरीही नकाशाची खातरजमा बांधावर जाऊनच करावी लागते. शिवाय जमीन कोणाच्या नावावर आणि प्रत्यक्ष कसतो कोण, हे कोणत्याही प्रतिमेत दिसत नाही. तेलंगणात २०१८ मध्ये सुरू झालेल्या रयतू बंधू योजनेचे पैसे पट्टेदाराला मिळाले. खंडाने जमीन कसणारा त्यातून वगळला गेला. नकाशा कितीही अचूक झाला, तरी त्याचे नाव गावातच विचारून नोंदवावे लागेल.