ताप उतरला, थकवा राहिला

ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला, अशी आपणां सर्वांची समजूत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील कोरोनाच्या लाटेनंतर ती आमच्या घरात तरी टिकली नाही.

धार जिल्ह्यातील बदनावरला आमच्या वहिनी त्या वेळी तापाने आजारी पडल्या. पंधरवड्यात ताप गेला, चाचणीही निगेटिव्ह आली. परंतु चार महिने लोटले तरी दहा पोळ्या लाटल्या की त्यांना धाप लागे, आणि कोठीच्या खोलीत कशासाठी आलो तेच आठवत नसे. घरातील थोरांनी हा आळस ठरविला. "भाऊजी, आळस असता तर मला रडू कशाला आलं असतं?" या त्यांच्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो.

इंदूरच्या फेऱ्या झाल्या. दर फेरीस नवा कागद, नवी गोळी. अखेर गावातल्या, आमच्या घराला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या डॉक्टरांपुढे सारे कागद ठेवले. त्यांनी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, छाती, प्राणवायूचे प्रमाण तपासून दुसरे कारण नाही ना, हे आधी पाहिले. या दुखण्याची निश्चिती करणारी एखादी चाचणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली : आजारानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने उलगडा न होणारी लक्षणे. थकवा, धाप आणि विस्मरण ही त्यांतली प्रमुख.

डॉक्टरांनी एक वही घालून दिली. दिवसभराचे काम, झोप आणि थकवा त्यात टिपायचा. भेटीस जाताना ती सोबत न्यायची आणि सर्वांत छळणारे दोन-तीन त्रास आधी सांगायचे. पोळ्या बसून लाटायच्या, दमण्यापूर्वीच थांबायचे. कामानंतर दुसऱ्या दिवशी त्रास वाढला, तर काम कमी करायचे. नेटाने रेटायचे नाही. मात्र छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठायचे.

याच माळव्यात, देवासला, १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व राहावयास आले. काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते. औषधे, विश्रांती आणि भानुमतीबाईंची शुश्रूषा यांच्या बळावर ते पुन्हा मैफलीत बसले. तो रोग वेगळा, हा वेगळा. पण सक्तीच्या विश्रांतीला त्यांच्या घरात कोणी आळस म्हटले नसावे, एवढे आमच्या मनात येते.

वहिनी पूर्ण बऱ्या झाल्या, असे आम्ही म्हणणार नाही. सकाळचा स्वयंपाक त्या करतात, दुपारी निजतात. संध्याकाळच्या पोळ्या आता आमचे बंधू लाटतात. त्या गोल होत नाहीत. परंतु वहिनींच्या वहीत त्या दिवसापासून थकव्याचे आकडे उतरू लागले आहेत.