काळी रेघ, पण वाँडला कोरी

डोळ्यांना काळीकुट्ट दिसणारी रेघ यंत्राला कोरा कागद वाटते, हे सांगून पटत नाही. 1983 साली निघालेला टीआरएस-80 मॉडेल 100 हा पोर्टेबल कॉम्प्युटर आणि इन्फ्रारेड जातीची बारकोड वाँड (रेघा वाचणारी कांडी) जवळ असेल, तर मात्र ते घरच्या टेबलावर बघता येतं. इंकजेटवर छापलेल्या बारकोडवरून वाँड कितीही फिरवा, स्क्रीन ढिम्म. तोच कागद नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानातून झेरॉक्स करून आणा, अक्षरं टपाटप उमटतात. मूळ प्रत नापास आणि नक्कल पास!

हा कॉम्प्युटर जपानच्या क्योसेरानं बनवला, अमेरिकेत रेडिओ शॅकनं विकला. चार पेन्सिल सेल, आठ ओळींचा स्क्रीन, ओळीत 40 अक्षरं. स्वतः बिल गेट्सनं भरपूर कोड लिहिलेलं हे शेवटचं मशीन. त्याला वाँडसाठी नऊ पिनांचं वेगळं सॉकेट आहे, पण रेघा वाचण्याची विद्या रॉममध्ये नाही. तो प्रोग्रॅम कॅसेटवरून भरावा लागे. त्यामुळे वाँड मुकी वाटली तर आधी प्रोग्रॅम आहे का ते बघावं. मग झाकण उघडून आतली निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी तपासावी. मेमरी जपणारी ही बॅटरी म्हातारपणी गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. दुरुस्ती करणाऱ्यांचा पहिला संशय हिच्यावरच असतो, आणि बहुतेकदा रास्त असतो.

हे सगळं ठीक असेल, तर उरतो प्रकाश.

वाँडच्या टोकाशी एक एलईडी असतो आणि परतणारा उजेड टिपणारा फोटोडायोड. बघायचा ठिपका जेमतेम 0.2 मिलिमीटरचा. पांढऱ्यावरून उजेड परततो, काळ्यात जिरतो. तारेतून जातं ते फक्त 'आहे' किंवा 'नाही'. पण या वाँड दोन जातींच्या निघाल्या: काही लाल उजेडाच्या, काही इन्फ्रारेडच्या. टोकाशी लाल ठिपका दिसला तर पहिली जात. काहीच दिसलं नाही तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा समोर धरावा (वाँडला बटण असेल तर दाबून). त्यात जांभळट ठिपका उजळला तर दुसरी.

इंकजेटची बरीचशी काळी शाई म्हणजे रंगद्रव्यांचं द्रावण. ते आपल्याला दिसणारा उजेड गिळतं, इन्फ्रारेडला मात्र काचेसारखं आरपार जाऊ देतं. दुकानातल्या बिलाच्या थर्मल कागदाचं काळंही याच कुळातलं. झेरॉक्सच्या काळ्या टोनरमध्ये मात्र कार्बन असतो, म्हणजे चक्क काजळी, आणि काजळी दोन्ही उजेड गिळते. सीताबर्डीच्या फेरीत बदललं ते एवढंच.

लाल जातीची फजिती वेगळी. संत्रा बर्फीच्या डब्यावर संत्र्याच्याच रंगात बारकोड छापायची हौस नागपुरात कुणाला झाली, तर डबा देखणा होईल, पण लाल उजेडाला नारिंगी रेघ आणि पांढरा कागद एकच. तिथे निळ्या किंवा हिरव्या रेघा चालतील. आणि कुठलीही वाँड मे महिन्याच्या उन्हात अंगणात नेऊ नये. आपल्याकडच्या त्या उन्हात इन्फ्रारेड इतकं असतं की फोटोडायोड दिपूनच जातो.

आता मला सगळ्यात थक्क करणारी बाब. रेघ किती रुंद आहे हे वाँडला कळतच नाही. ती किती वेळ टिकली एवढंच कॉम्प्युटर मोजतो, म्हणजे तुमचा हात त्या यंत्राचाच एक भाग होतो. इंटरमेक कंपनीत 1974 साली तयार झालेला कोड 39 घ्या. प्रत्येक अक्षराला पाच रेघा, चार फटी. नवापैकी तीन रुंद. नागपूरच्या गाड्यांवरचा MH31 छापायचा तर दोन्ही टोकांना तारा लागतो, *MH31*. सगळ्या मिळून 30 रेघा आणि 29 फटी. अरुंद रेघ 0.3 मिलिमीटरची आणि रुंद तिच्या तिप्पट धरली, तर पट्टी तीन सेंटिमीटरही भरत नाही. सेकंदाला 30 सेंटिमीटर या वेगानं हात फिरला तर सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आटोपतो. अरुंद रेघेच्या वाट्याला एक मिलिसेकंद. तेवढ्यात 2.4 मेगाहर्ट्झचा तो जुना प्रोसेसर काहीशे सूचना उरकतो, म्हणजे त्याला घाई नाहीच!

हात सावकाश की भरभर, याला महत्त्व नाही, कारण प्रोग्रॅम शेजारच्या रेघा एकमेकींशी ताडून बघतो. मध्येच अडखळला तर मात्र अरुंद रेघ रुंद ठरते. उलट दिशेनंही चालतं: ताऱ्याच्या रेघा उलट्या वाचल्या तर तो P होतो, आणि कोड तर ताऱ्यानंच सुरू व्हायला हवा. तेव्हा सुरुवातीला P आला की नीट लिहिलेला प्रोग्रॅम सगळं फिरवून घेतो.

वाचन तरीही अर्धवट येत असेल तर कडेचा कोरा कागद बघावा. दोन्ही बाजूंना अरुंद रेघेच्या निदान दहापट, म्हणजे इथे तीन मिलिमीटर, जागा मोकळी हवी. पट्टी कापून चिकटवताना नेमकी तीच छाटली जाते. वाँड त्या कोऱ्या भागावर टेकवून मगच ओढायची.