मेजावरील रणांगण

दिवाळी जवळ आली म्हणजे आपल्याकडील मुलें अंगणांत दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात आणि बुरुजाबुरुजांवर मातीचे रंगीत मावळे उभे करितात. शेजारीपाजारी येऊन किल्ला पाहतात, मुलांची वाखाणणी करितात, आणि चार दिवसांनीं तो किल्ला मोडला जातो. ह्या सर्व अवधींत ते मावळे उभे केले तेथेंच उभे असतात. ते चाल करून जात नाहींत, माघार घेत नाहींत, आणि त्यांचा जय किंवा पराजयही होत नाहीं. आतां समजा, त्या शिपायांस हालविण्याचे नियम ठरविले. एका बाजूचें सैन्य एका मुलाकडे व दुसऱ्या बाजूचें दुसऱ्याकडे दिलें. आणि हुज्जत न घालतां जयापजय ठरविण्याची एक रीत बसविली. मग जो खेळ तयार होईल, तोच पाश्चात्य देशांत लहान शिपायांचा युद्धखेळ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथें तो मुलांप्रमाणेंच प्रौढ माणसेंही मोठ्या आवडीनें खेळतात. ह्या खेळाची हकीकत, त्याची रीत व त्यांतील शिपाई रंगविण्याची कला ह्यांविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस चार शब्द सांगावे, आणि मुलांनीं युद्धाचा खेळ खेळावा काय, हा जो प्रश्न पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे त्याचाही विचार करावा, असा आमचा हेतु आहे.

ह्या खेळाचें मूळ शोधूं गेल्यास तें आपल्याच देशांत सांपडतें. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ह्या सेनेच्या चार अंगांवरून ज्याला नांव पडलें तो चतुरंगाचा खेळ इराण व अरब लोक ह्यांच्या मार्फत युरोपांत गेला, आणि त्यापासून आजचें बुद्धिबळ झालें. १७८० सालीं जर्मनींतील ब्रुन्स्विक येथील हेल्विग नांवाच्या गणितज्ञानें बुद्धिबळाचा पट पुष्कळ वाढवून त्यावर डोंगर, नद्या, गांवें दाखविणारीं रंगीत घरें घातलीं. परंतु खरी जमीन कांहीं चौकोनी घरांत विभागलेली नसते. ही उणीव प्रशियांतील राइसविट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं दूर केली. पित्यानें १८१२ सालीं आपला खेळ राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम ह्यास दाखविला. पुत्र सैन्यांत तोफखान्याचा अधिकारी होता, त्यानें तो सुधारून १८२४ सालीं त्याचे नियम छापिले. त्यानें १ : ८००० ह्या प्रमाणाचा खरा नकाशा पुढें ठेविला. एक चाल म्हणजे दोन मिनिटांचा काळ; तेवढ्या वेळांत खरें पायदळ जितकें अंतर तोडील, तितकेंच त्याच्या ठोकळ्यानें पुढें सरकावें. गोळीबाराचा परिणाम फांसे टाकून व कोष्टकें पाहून ठरवीत. दोन्ही पक्षांमध्यें एक पंच असे. आणि शत्रूची जी तुकडी खऱ्या रणांगणावर दृष्टीस पडली असती, तेवढीच तो नकाशावर मांडी. प्रशियाच्या सेनेचे एक श्रेष्ठ अधिकारी जनरल म्यूफ्लिंग ह्यांनीं प्रथम ह्या खेळाकडे थंडपणानेंच पाहिलें. परंतु डाव जसजसा पुढें गेला तसतसे ते प्रसन्न होत गेले, आणि हें युद्धाचें शिक्षणच आहे असा अभिप्राय देऊन त्यांनीं सर्व सैन्यास त्याची शिफारस केली. १८७०-७१ च्या युद्धांत प्रशियानें फ्रान्सचा पराभव केल्यावर इतर राष्ट्रांनींही हा खेळ उचलला.

छावणींतील हा खेळ घरांत येण्यास मात्र शिपाई स्वस्त व्हावे लागले. १८९३ सालीं लंडन येथील विल्यम ब्रिटन ह्यांच्या कारखान्यानें पोकळ शिपाई ओतण्यास आरंभ केला. वितळलेलें शिसें सांच्यांत ओतून तें लगेच पालथें करावयाचें. सांच्याच्या थंड भिंतींस लागलेला पातळ थर तेवढा थिजून राहतो व आंतील रस बाहेर पडतो. अशा रीतीनें शिपाई हलका होई व धातूही थोडी लागे. पुढें एच्. जी. वेल्स ह्या प्रसिद्ध इंग्रज ग्रंथकारानें १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ नांवाचें एक छोटें पुस्तक लिहून घरगुती खेळाचे सोपे नियम बसविले. त्यांत पायदळाच्या शिपायानें एका चालींत एक फूट व घोडेस्वारानें दोन फूट जावें. स्प्रिंगच्या खेळांतील तोफेनें लाकडाची लहान गोळी उडवावी, आणि जो शिपाई तिनें पडेल तो मेला असें समजावें. प्रत्येक चालीस वेळेची मर्यादा असे, म्हणून सेनापतीस फार वेळ विचार करीत बसतां येत नसे. दुसऱ्या महायुद्धांत रणगाड्यांच्या दळांत असलेल्या डोनाल्ड फेदरस्टोन ह्यांच्या १९६२ सालच्या ‘वॉर गेम्स’ ह्या पुस्तकानें ह्या छंदाचा पुष्कळ प्रसार झाला. त्याच सुमारास प्लॅस्टिकचे स्वस्त शिपाईही बाजारांत आले. १९८३ सालीं निघालेल्या ‘वॉरहॅमर’ ह्या खेळांत तर इतिहासांतील सैन्यांऐवजीं राक्षस, बुटके व कल्पित वीर लढूं लागले.

आतां डाव कसा चालतो तें पाहूं. सुमारें सहा फूट लांब व चार फूट रुंद मेजावर हिरवें कापड अंथरावें. कापडाखालीं कांहीं पुस्तकें सारिलीं कीं टेकड्या होतात. निळ्या कागदाची पट्टी ही नदी, आणि रिकामीं खोकीं हीं घरें. पुष्कळ खेळांतील शिपाई आज २८ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून किंचित् अधिक, उंच असतो. पटावर घरें नसल्यामुळें प्रत्येक चाल फूटपट्टीनें मोजतात. पायदळास सहा इंच, घोडदळास बारा इंच, आणि झाडींतून किंवा चिखलांतून जाणारास त्याच्या निम्में, अशा प्रकारचे नियम असतात. एकानें आपल्या सर्व तुकड्या हालवाव्या, मग दुसऱ्यानें.

बाण किंवा गोळी लागली कीं नाहीं हें फांसा सांगतो. समजा, बारा धनुर्धाऱ्यांनीं बाण सोडिले, आणि प्रत्येकाच्या फांशावर पांच किंवा सहा पडल्यास नेम लागला असा नियम आहे. सहांपैकीं दोन आंकडे अनुकूल, म्हणजे तिसरा हिस्सा. तेव्हां बारांपैकीं सरासरीनें चार बाण लागतील. परंतु सरासरी म्हणजे खात्री नव्हे. बाराचे बारा बाण फुकट जाण्याचा प्रसंगही हजारांत सात-आठ वेळां येतो, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस त्रैराशिकाच्या थोडें पुढें गेल्यास स्वतः काढतां येईल. ह्यास्तव चांगला खेळाडू अनुकूल फांशावर भिस्त ठेवीत नाहीं; फांसा उलटा पडला तर काय करावयाचें, हें तो आधींच योजून ठेवितो. शिवाय बहुतेक नियमांत धीराची एक कसोटी असते. तुकडींतील कांहीं शिपाई पडले म्हणजे उरलेल्यांचा धीर टिकला कीं नाहीं, हें पुन्हां फांशानें पाहतात. न टिकल्यास ती तुकडी पाठ फिरविते. खऱ्या लढायांतही शेवटचा मनुष्य पडेपर्यंत सैन्य सहसा लढत नाहीं, ही गोष्ट मुलांस इतिहासाच्या पुस्तकापेक्षां येथें लवकर कळते.

ह्या छंदाचें दुसरें अंग म्हणजे शिपाई रंगविणें. कित्येकांस खेळापेक्षां तेंच अधिक प्रिय असतें. बाजारांतून आणिलेला शिपाई बहुधा बिनरंगी असतो. सांच्याचे दोन भाग जेथें मिळतात तेथें त्याच्या अंगावर एक बारीक शीर उठलेली असते. ती प्रथम चाकूनें किंवा बारीक कानशीनें काढावी, नाहींतर रंग दिल्यावर ती अधिकच डोळ्यांत भरते. नंतर साबणाच्या पाण्यानें धुऊन, वाळवून, अस्तराचा एक पातळ हात द्यावा, म्हणजे वरचा रंग धरून राहतो. मग मूळ रंग लावावे. जो भाग खोल असेल तो आधीं व जो वर असेल तो मागाहून, म्हणजे प्रथम चेहरा, मग अंगरखा, मग पट्टे व हत्यारें, असा क्रम ठेवावा. एका दाट हातापेक्षां दोन पातळ हात नेहमीं बरे. दाट रंगानें नाकडोळे बुजून जातात.

ह्यापुढील दोन युक्त्या विशेष मौजेच्या आहेत. गडद तपकिरी रंगांत पुष्कळ पाणी मिसळून तो सर्व अंगावर सोडावा. तो आपोआप वाहत जाऊन कपड्यांच्या चुण्यांत व बोटांच्या फटींत बसतो, आणि तेथें सांवली उत्पन्न होते. उलट, कुंचल्यास फिकट रंग लावून तो कागदावर जवळ जवळ पुसून टाकावा व कोरडाच कुंचला शिपायावर हलकेच फिरवावा. म्हणजे केंस, चिलखताच्या कड्या, अंगरख्याच्या कडा अशा उंच भागांसच रंग लागून तेथें ऊन पडल्याचा भास होतो. एवढ्याशा वस्तूवर खरा उजेड व खरी सांवली ठळकपणें पडत नाहीं, म्हणून ती रंगानें दाखवावी लागते. शेवटीं व्हार्निशाचा हात देऊन, पायाखालच्या बैठकीस डिंक लावून वाळू चिकटवावी. रंगवितां रंगवितां अभ्यासही होतो. वॉटर्लूच्या १८१५ सालच्या लढाईचे शिपाई रंगवावयाचे तर इंग्रज पायदळाचा अंगरखा तांबडा, फ्रेंचांचा व प्रशियनांचा निळा, हें पाहावें लागतें. आणि लढणाऱ्या मनुष्यानें असा भडक पोषाख कां करावा हा प्रश्नही सुचतो. बंदुकीच्या दारूच्या दाट धुरांत आपला कोण व परका कोण हें ओळखतां यावें, हें त्याचें एक कारण होय.

आतां पालकांच्या शंकेकडे वळूं. युद्धाचा खेळ खेळून मुलांस युद्धाची गोडी लागणार नाहीं काय? ही शंका पोकळ नाहीं. प्रशियाच्या सेनेनें हा खेळ मौजेसाठीं नव्हे, तर लढाया जिंकण्यासाठींच उचलला होता. उलट वेल्स ह्यांचें म्हणणें असें कीं, जो मनुष्य मेजावर तीन-चार लढाया खेळेल त्याला खरें युद्ध किती गोंधळाचें व नासाडीचें असलें पाहिजे हें उमगेल. ज्यांस लढावयाची हौस आहे त्यांनीं खेळांतले शिपाई घेऊन लढावें, आणि खऱ्या माणसांस जगूं द्यावें. हे विचार चांगले होते. परंतु पुस्तक निघाल्यावर एकाच वर्षानें, १९१४ सालीं, पहिलें महायुद्ध पेटलें आणि त्यांत नव्वद लक्षांच्या आसपास सैनिक प्राणांस मुकले. तेव्हां ह्या खेळानें युद्धें बंद होतील असें आम्ही म्हणत नाहीं. त्यापासून काय शिकावयाचें हें खेळणाराच्या वृत्तीवर अवलंबून आहे, आणि ती वृत्ति नियमाशीं तो कसा वागतो ह्यावरून दिसून येते.

ह्याचीं दोन उदाहरणें एकाच वर्षाचीं आहेत. १९४२ सालच्या मे महिन्यांत जपानी आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं मिडवे बेटावरील स्वारीचा डाव आधीं मेजावर खेळून पाहिला. फांशांप्रमाणें त्यांच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. परंतु मुख्य पंच ॲडमिरल उगाकी ह्यांनीं तो निकाल फिरवून नुकसान कमी धरिलें, असें पुढें जपानी अधिकाऱ्यांनींच लिहिलेल्या वृत्तांतांत आहे. पुढल्याच महिन्यांत खऱ्या लढाईंत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. त्याच वर्षीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथें गिल्बर्ट रॉबर्ट्स नांवाच्या, क्षयरोगामुळें नोकरी सुटलेल्या, आरमारी अधिकाऱ्यानें एका खोलीच्या जमिनीवर समुद्र कल्पून खडूनें जहाजांचे मार्ग आंखले. त्यांचे सहकारी बहुतेक आरमारी दलांतील तरुण मुली होत्या. जहाजांच्या कप्तानांस ते पडद्याआडून लहानशा फटींतून, समुद्रावर जेवढें दिसेल तेवढेंच पाहूं देत. आणि डाव हरल्यास कोठें चुकलें हें न लपवितां शोधीत. ह्या खोलींतून जर्मन पाणबुड्यांस तोंड देण्याच्या नव्या रीती निघाल्या, आणि अन्नधान्य आणणाऱ्या कित्येक जहाजांचें रक्षण झालें. पहिल्या ठिकाणीं नको तो निकाल खोडून टाकिला. दुसऱ्या ठिकाणीं तो मान्य करून त्यापासून शिकले.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस हा खेळ खेळावासा वाटल्यास महागडे शिपाई आणिलेच पाहिजेत असें नाहीं. चिकणमातीचे, पुठ्ठ्याचे, फार काय गुंड्यांचेही सैन्य चालेल. नियम मात्र डाव मांडण्यापूर्वीं लिहून काढा, आणि फांसा उलटा पडला म्हणून ते बदलूं नका. जुने शिश्याचे शिपाई लहान भावंडांच्या हातीं देऊं नका, कारण शिसें पोटांत गेल्यास विषारी असतें. पालकांसही एक विनंति आहे. मुलांचा डाव संपला म्हणजे क्षणभर त्यांच्याजवळ बसून, पडलेले शिपाई गोळा करण्यास त्यांस मदत करावी. मेजावरचा शिपाई दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभा करतां येतो. रणांगणावर पडलेला मनुष्य पुन्हां उठत नाहीं, आणि घरीं त्याची वाट पाहणारे असतात. एवढें एक वाक्य त्या वेळीं मुलांच्या कानीं घातलें, तर हा खेळ त्यांस अपायकारक होणार नाहीं असा आमचा विश्वास आहे.