समालोचकाची जीभ आणि काळ्या खेळाडूचे डोके

दूरदर्शनवर खेळ पाहणारा माणूस जगात कुठेही असो, समालोचकाला तो शिव्या देतोच. हा फार बोलतो, तो एकाच संघाची बाजू घेतो, तिसऱ्याचा आवाजच ऐकवत नाही. अमेरिकेत तर फुटबॉलच्या समालोचकांवर मते देणे हा फुटबॉलइतकाच लोकप्रिय खेळ आहे. ही मते बहुतेक आवाजाविषयी, विनोदाविषयी, पक्षपाताविषयी असतात. परंतु माइक कुणाला मिळाला, का मिळाला, आणि मैदानावरच्या काळ्या माणसाविषयी बोलताना त्याने कोणते शब्द वापरले, हे प्रश्न फार थोड्यांनी विचारले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील काळ्या पँथरांकडून घेतले. तेथील काळ्यांच्या कविता, कादंबऱ्या, आत्मकथने आपण आस्थेने वाचली. पण त्याच समाजाच्या कानांवर दर रविवारी घरोघरी जी भाषा पडते, तिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. साहित्याच्या भाषेपेक्षा ही भाषा किती तरी अधिक लोक ऐकतात, म्हणून तिचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे. त्यात लांबट चेंडू हाताने फेकतात, छातीशी धरून पळतात आणि पळणाऱ्याला आडवे पाडतात. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. त्यांत क्वार्टरबॅक हा मुख्य. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो, डाव कसा टाकायचा ते तो सांगतो, समोरची मांडणी पाहून क्षणात निर्णय बदलतो. बाकीच्यांनी धावायचे, अडवायचे, आपटायचे. खेळ घड्याळाच्या साठ मिनिटांचा, पण प्रक्षेपण तीन तासांचे. २०१० साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने मोजून पाहिले, तेव्हा या तीन तासांत चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे अकरा मिनिटे, असे आढळले. उरलेला वेळ जाहिराती, पुन्हा दाखवलेली दृश्ये आणि बोलणे यांनी भरतो. म्हणजे या खेळात समालोचक पाहुणा नाही. प्रेक्षकाला जो खेळ कळतो त्यातला मोठा भाग तोच घडवीत असतो. २० डिसेंबर १९८० रोजी एन.बी.सी. या वाहिनीने मायामी येथील एक सामना मुद्दाम समालोचकांविना दाखविला. मैदानातला कोलाहल आणि पडद्यावरची अक्षरे एवढ्यावर काम भागवले. गंमत म्हणून लोकांनी तो पाहिला, पण त्याची प्रथा काही पडली नाही. अर्थ सांगणारा कुणी तरी लोकांना हवाच असतो.

हा अर्थ सांगणारा येतो कुठून? माइकपुढे साधारणतः दोघे बसतात. एक व्यावसायिक निवेदक. काय घडले ते तो सांगतो. दुसरा निवृत्त खेळाडू किंवा प्रशिक्षक. का घडले ते तो सांगतो. हे 'का' सांगण्याचे काम बव्हंशी जुन्या क्वार्टरबॅककडे जाते, कारण खेळाचे डोके त्याच्यापाशी असते अशी समजूत आहे. आणि क्वार्टरबॅक कोण होते? या व्यावसायिक लीगमध्ये १९३४ ते १९४५ पर्यंत एकही काळा खेळाडू नव्हता. १९४६ पासून ते येऊ लागले, पण धावण्याच्या आणि अडवण्याच्या जागांवर. १९७० साली लॉय आणि मॅकेल्व्होग या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की संघाच्या मध्यवर्ती, निर्णयाच्या जागा गोऱ्यांकडे राहतात आणि काळ्यांना कडेच्या जागांवर ढीग लावल्यासारखे रचले जाते. १९६८ साली डेन्व्हरच्या संघात मार्लिन ब्रिस्को याने क्वार्टरबॅक म्हणून चांगला खेळ केला, तरी पुढे त्याला चेंडू झेलणारा म्हणूनच खेळावे लागले. वॉरन मून याला हे मान्य नव्हते. जागा बदलण्यापेक्षा त्याने देश बदलला, १९७८ पासून सहा हंगाम कॅनडात खेळला, तेथे त्याच्या संघाने ओळीने पाच वेळा अजिंक्यपद मिळविले, तेव्हा कुठे १९८४ साली त्याला मायदेशी क्वार्टरबॅकची जागा मिळाली. २००६ साली त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला; तेथे गेलेला तो पहिला काळा क्वार्टरबॅक.

तर साखळी अशी आहे. मैदानावर डोक्याची जागा काळ्याला नाही, म्हणून पुढे माइकपुढची जागाही त्याला नाही. माइकपुढे गोरा, म्हणून काळ्याच्या खेळाचा अर्थ सांगणारा गोरा. आणि तो सांगतो की काळ्यापाशी ताकद आहे, वेग आहे, तो 'उपजत' खेळाडू आहे. गोरा मात्र अभ्यासू, शिस्तीचा, खेळ वाचणारा. हे ऐकत मोठा झालेला प्रशिक्षक पुढच्या काळ्या मुलाला क्वार्टरबॅक करीत नाही. येथे साखळी पूर्ण होते. तिच्यात दुष्ट माणूस असण्याची गरजच नाही, हे तिचे वैशिष्ट्य.

हे केवळ रागाने म्हटलेले नाही. १९७७ साली रेनव्हिल आणि मॅककॉर्मिक यांनी अमेरिकन फुटबॉलच्या समालोचनाचे शब्द तपासून गोऱ्या खेळाडूंना झुकते माप कसे मिळते ते मांडले. पायाने खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलचीही गत निराळी नाही. २०२० साली 'रनरिपीट' या संस्थेने इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेच्या सहकार्याने युरोपातील चार लीगमधल्या ८० सामन्यांचे इंग्रजी समालोचन तपासले. ६४३ खेळाडूंविषयीची २,०७३ विधाने. बुद्धीविषयीच्या स्तुतीपैकी ६२.६० टक्के उजळ कातडीच्या खेळाडूंच्या वाट्याला आली, आणि बुद्धीवरून केलेल्या टीकेपैकी ६३.३३ टक्के सावळ्या-काळ्यांच्या. ताकदीचा उल्लेख काळ्यांच्या बाबतीत साडेसहा पटींहून अधिक होण्याचा संभव, वेगाचा तीन पटींहून अधिक. लक्षात घ्या, यातला बराचसा भाग स्तुतीचा आहे. शिवी असती तर कुणी तरी तक्रार केली असती.

शिवी दिसली की तक्रार होते, आणि तिथेच सगळे थांबते. हॉवर्ड कोसेल याचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९७० साली ए.बी.सी. वाहिनीवर सोमवारी रात्रीचा फुटबॉल सुरू झाला, त्याचा हा सर्वांत गाजलेला आवाज. मूळचा वकील, ज्यू घरातला, नाकात बोलणारा, अतिशय आढ्यतेखोर. लोक त्याच्या नावाने बोटे मोडीत आणि ऐकायलाही बसत. महंमद अली याने इस्लाम स्वीकारून नाव बदलले, तेव्हा अनेक पत्रकार हट्टाने जुन्याच नावाने त्याला संबोधीत होते. कोसेलने नवे नाव मान्य केले. १९६७ साली युद्धाला नकार दिल्यामुळे अलीचे अजिंक्यपद काढून घेतले, तेव्हाही तो अलीच्या बाजूने बोलला. माणसाने स्वतः घेतलेले नाव मान्य करणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १९५६ नंतर स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्यांना गावाने कोणत्या नावाने हाक मारणे चालू ठेवले, हे आपण पाहिलेले आहे.

याच कोसेलने ५ सप्टेंबर १९८३ च्या सामन्यात वॉशिंग्टनच्या अल्विन गॅरेट या लहानखुऱ्या, चपळ काळ्या खेळाडूला कौतुकाच्या भरात 'छोटे माकड' म्हटले. काळ्यांच्या चळवळीतले नेते जोसेफ लोवरी यांनी माफीची मागणी केली. कोसेलने ती नाकारली. आपण हा शब्द गोऱ्या खेळाडूला आणि आपल्या नातवंडांनाही लाडाने लावतो, असे त्याचे म्हणणे. आणि गोऱ्या खेळाडूलाही त्याने तो लावलेला होता, हे खरेच आहे. तो हंगाम संपल्यावर त्याने तो कार्यक्रम सोडला. मला कोसेल वर्णद्वेष्टा वाटत नाही. परंतु नातवाला माकड म्हणणारा आजोबा आणि ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके माकड म्हणूनच बाजारात उभे केले त्यांना माकड म्हणणारा समालोचक, या दोघांचा शब्द एकच असला तरी तो पडतो वेगवेगळ्या ठिकाणी. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूवर ठरतो असे मानणे ही ज्याला कधी शब्द लागलाच नाही त्याची चैन आहे.

जिमी 'द ग्रीक' स्नायडर याचा मासला निराळा. हा जुगाराच्या भावांचा जाणकार, १९७६ पासून सी.बी.एस.च्या स्टुडिओत बसून सामन्यांची भाकिते सांगे. १५ जानेवारी १९८८ रोजी, म्हणजे नेमक्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनी, वॉशिंग्टनच्या एका उपाहारगृहात दूरदर्शनच्या बातमीदाराने त्याला खेळातील काळ्यांच्या प्रगतीविषयी विचारले. त्याने सांगितले की काळा खेळाडू जन्मतःच सरस असतो, कारण गुलामीच्या काळात मालकांनी दणकट गुलाम दणकट बाईशी जोडून तशी पैदास केली. आणि प्रशिक्षकाच्या जागाही काळ्यांनी घेतल्या तर गोऱ्यांना काही उरणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला काढून टाकले. सगळ्यांनी निषेध केला. परंतु स्नायडरने वेगळे काय सांगितले होते? 'उपजत' हा शब्द दर रविवारी सभ्य सुरात वापरला जात होता, त्याचा गर्भार्थ त्याने जेवता जेवता मोकळेपणाने सांगितला इतकेच. त्याच्या बोलण्यातले दुसरे वाक्य तर मला प्रामाणिक वाटते. प्रशिक्षकाची जागा ही डोक्याची जागा. ती गेली तर उरेल काय, ही धास्ती त्याने लपवली नाही.

त्यानंतर सोळा दिवसांनी, ३१ जानेवारीला, सान डिएगो येथे सुपर बोल झाला. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक होता डग विल्यम्स, काळा. पहिल्या भागाअखेर त्याचा संघ ०-१० असा मागे होता. दुसऱ्या एकाच भागात त्याने चार अचूक फेकी करून चार गोल-रेषा पार करविल्या, संघाने ३५ गुण केले. अखेर ४२-१०. सुपर बोल जिंकणारा तो पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला. उत्तर मिळाले होते. ते किती जणांनी ऐकले, हे २००३ साली कळले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ई.एस.पी.एन.च्या स्टुडिओत बसून रश लिंबॉ या रेडिओवरच्या प्रतिगामी वक्त्याने सांगितले की डोनोव्हन मॅकनॅब हा क्वार्टरबॅक तितकासा चांगला नाही; काळा क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी पत्रकारांची इच्छा आहे म्हणून त्याचा उदोउदो होतो. सवलतीने मोठा झालेला, असा त्याचा आशय. त्याच टेबलाशी काळे माजी खेळाडू बसलेले होते. तो विषय त्या क्षणी तसाच पुढे गेला. काही दिवसांत लिंबॉने राजीनामा दिला.

हे वाचताना इकडची आठवण होणे अपरिहार्य आहे. चांभार समाजातील पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचा हात हिंदूंच्या संघाला हवा होता; कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही मोठ्या वादंगानंतर. स्टाफरूममध्ये आपला विद्यार्थी पहिला आला की 'पोरगा कष्टाळू आहे' असे म्हणतात. दुसऱ्या घरचा आला की 'हुशार आहे' म्हणतात. दोन्ही स्तुतीच. आणि दलित साहित्याची प्रस्थापित समीक्षा काय करीत आली? अनुभव दाहक, भाषा रांगडी, जोम उपजत. लेखकाने काय वगळले, कोणता शब्द खोडून कोणता ठेवला, रचना का मोडली, याविषयी चार ओळी लिहिताना हात आखडतो. आपल्या कवितेला छाती आणि फुफ्फुसे आहेत हे त्यांनी मान्य केले आहे. हीसुद्धा एक कॉमेंटरी बॉक्सच.

तिकडे काही बदलले आहे. अर्व्ह क्रॉस हा माजी काळा खेळाडू १९७५ पासून सी.बी.एस.च्या स्टुडिओत, पुढे स्नायडर ज्या टेबलाशी बसला त्याच टेबलाशी, विश्लेषक म्हणून बसला. २००९ साली कीर्तिमंदिराचा प्रक्षेपणासाठीचा पुरस्कार मिळालेला तो पहिला काळा. आज स्टुडिओतल्या टेबलांमागे काळे चेहरे पुष्कळ दिसतात. परंतु स्टुडिओ ही ओसरी आहे. सामन्याआधी, मध्यंतरात, सामन्यानंतर बोलण्याची जागा. सामना चालू असताना बोलण्याची जागा वेगळी. सुपर बोल १९६७ साली सुरू झाला. त्याचे धावते वर्णन करण्याचे काम काळ्या निवेदकाला, ग्रेग गंबेल यांना, मिळाले २००१ साली. ते २७ डिसेंबर २०२४ रोजी वारले. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये प्रथमच दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक काळे होते, पॅट्रिक महोम्स आणि जॅलन हर्ट्स. फॉक्स वाहिनीसाठी त्या सामन्याचे वर्णन केव्हिन बर्कहार्ट यांनी केले आणि अर्थ सांगितला ग्रेग ऑल्सेन यांनी; दोघेही गोरे. २०२४ च्या हंगामापासून ऑल्सेन यांच्या खुर्चीत टॉम ब्रेडी हा निवृत्त क्वार्टरबॅक बसला. त्याचा करार दहा वर्षांचा, आणि वृत्तपत्रांनी दिलेला आकडा साडेसदतीस कोटी डॉलरचा आहे.