पद्मिनीचें एंजिन खोलतांना

मोटार रस्त्यावरून धांवतांना आपण सर्वजण पाहतों. परंतु तिच्या पोटांत काय चाललें आहे हें पाहण्याचा योग थोड्यांनाच येतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत ताडकळस येथील एका मिस्त्रीच्या शेडमध्यें आम्हांस व आमच्या सहा विद्यार्थ्यांस तो योग आला. गांवांतील एका वृद्ध गृहस्थांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी निळा धूर ओकूं लागली होती. भंगारवाला दाराशीं येऊन किंमतही सांगून गेला होता. "एकदां पोट उघडून पाहूं, मग काय तें ठरवूं," असें म्हणून त्यांनीं ती मिस्त्रीच्या स्वाधीन केली.

पद्मिनी ही आपल्याच प्रांतांतील गाडी होय. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईंतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर गाड्या तयार होत. त्यांपैकीं एका गाडीस पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली.

तिच्या एंजिनांत चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, व आंतील पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: चारही मिळून सुमारें १०८९ घन सेंटिमीटर भरतात. क्रँक मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन एका सेकंदांत पन्नास वेळां वर व पन्नास वेळां खालीं जातो, म्हणजे साडेसात मीटर प्रवास करतो. हा सारा प्रवास तेलाच्या एका पातळ थरावर चालतो. हें तेल एंजिनाच्या तळाशीं असलेल्या पात्रांत साठतें. मिस्त्री लोक त्यास चेंबर म्हणतात. पंप तें वर चढवितो, आणि आपलें काम करून तें पुन्हां खालीं गळतें. पिस्टनभोंवतीं रिंगा म्हणजे कड्या बसविलेल्या असतात. वरच्या रिंगा वायूचा दाब अडवितात. खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरील जादा तेल खरवडून खालीं लोटते. रिंगा वा सिलिंडर झिजले कीं तेल वर शिरून जळतें. तोच हा निळा धूर.

मिस्त्रीनें प्रथम एंजिन थोडें चालवून कोमट केलें व मगच तेल काढलें. कारण कोमट तेल आपल्याबरोबर गाळही घेऊन निघतें. नंतर बॅटरीची तार सोडून, पाणी काढून, एंजिन चेनकप्पीनें उचलून लांकडी घोडीवर पक्कें बसविलें. वरच्या हेडचे नट त्यानें बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे करून ढिले केले. एकच नट एकदम सोडल्यास हेडवर ताण पडून तें वांकण्याचा संभव असतो.

चेंबरचे सर्व बोल्ट निघाले, तरी तें पॅकिंगला चिकटूनच राहिलें. आमच्यांतील एक उतावळा विद्यार्थी पेचकस घेऊन पुढें सरसावला. मिस्त्रीनें त्याचा हात धरला. पेचकसानें कड वांकली तर चेंबर पुढें जन्मभर गळत राहतें. लांकडी मोगरीचे हलके ठोके बाजूनें देतांच तें सुटलें. तळाशीं काळा चिखल बसला होता. हा चिखल फेंकण्यापूर्वीं पाहावा, असें मिस्त्री म्हणाला. चकचकीत कण दिसले तर बेअरिंग झिजत आहे. तेल दुधासारखें झालें असेल तर त्यांत पाणी मिसळत आहे.

आतां क्रँक फिरवून पहिला व चौथा पिस्टन खालीं आणला; हे दोघे नेहमीं बरोबरच वरखालीं होतात. प्रत्येक पिस्टन ज्या दांड्याला जोडलेला असतो, त्याच्या खालच्या टोकास क्रँकभोंवतीं एक टोपी बसविलेली असते. दांड्यावर व टोपीवर एकच आंकडा घातल्याशिवाय मिस्त्रीनें नटास पाना लावला नाहीं.

येथें आम्हांस आमची एक जुनी चूक आठवली. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं आम्हीं एका वसतिगृहाच्या पंपाचें दोन सिलिंडरांचें एंजिन मोठ्या आत्मविश्वासानें खोललें. "दोनच तर टोप्या आहेत, लक्षांत राहतील," असें म्हणून खुणा केल्या नाहींत, आणि जोडतांना टोप्यांची अदलाबदल झाली. दांडा व टोपी यांचें भोंक दोन्ही एकत्र बसवूनच कोरलेलें असतें. जोडी बदलली कीं तें खरें गोल राहत नाहीं, व तेलाच्या थरास जागा उरत नाहीं. तासाभरांत एंजिन ठोठावून अडकलें. क्रँक खराब झाला. त्या उन्हाळ्यांत वसतिगृहाच्या मुलांनीं दूरच्या विहिरीवरून पाणी वाहिलें. त्यांतील कोणीही आम्हांस शब्दानें दोष दिला नाहीं. तेंच आम्हांस अधिक बोंचलें.

पिस्टन वरून काढण्याआधीं आणखी एक काम होतें. रिंगा सिलिंडरच्या अगदीं वरच्या कांठापर्यंत पोंहोंचत नाहींत. त्यामुळें तेथें न झिजलेल्या भागाची एक कड राहते व तीवर काजळी जमते. ती न काढतां पिस्टन ढकलला तर रिंगा तुटतात. कड साफ करून, दांड्याच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवून, मिस्त्रीनें हातोड्याच्या लांकडी मुठीनें खालून पिस्टन हळूच लोटला व दुसऱ्या हातानें वर झेलला. चारही पिस्टन स्वच्छ फडक्यावर अनुक्रमानें मांडले. मग एक रिंग सिलिंडरांत ठेवून तिच्या टोकांमधील फट मोजली. तळाशीं फट कमी, वर पुष्कळ अधिक. म्हणजे सिलिंडरच झिजले होते, व नुसत्या नव्या रिंगांनीं भागणार नव्हतें.

वृद्ध गृहस्थ क्षणभर स्तब्ध राहिले व म्हणाले, "बोअर करून आणा." परभणीस सिलिंडर कोरून, किंचित् मोठ्या मापाचे पिस्टन घालून एंजिन पुन्हां जोडलें. जोडतांना मिस्त्रीनें आमच्या विद्यार्थ्यांची वही मागून घेतली. कारण कोणता बोल्ट लांब, कोणता आंखूड, तें तींत लिहिलें होतें. गाडी सुरू झाली, आणि निळा धूर दिसला नाहीं.

आपल्या शेतावरील पंपांत व ट्रॅक्टरांतही हीच रचना असते. तेव्हां पालकांस आमची विनंति आहे कीं, घरीं एखादें यंत्र उघडलें जात असतां मुलांस दूर पिटाळूं नये. जवळ बसवून त्यांच्या हातीं वही-पेन्सिल द्यावी. खोलणें कोणालाही येतें. विद्यार्थ्यांनो, जोडण्याची वेळ येणार आहे हें ध्यानांत ठेवून जो खोलतो, त्याच्याच हातीं यंत्र सोंपवावें.