साठी आली म्हणून बुद्धी नाठी होत नाही

रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंत पसरलेल्या रायगडच्या किनारपट्टीवर नारळी-पोफळीच्या वाड्यांतील आणि कोळीवाड्यांतील कितीतरी घरे आज वृद्ध मंडळींनीच राखली आहेत. कर्ती मुले चरितार्थासाठी मुंबई-पनवेलकडे गेलेली असतात व गणपती-शिमग्याला गावी येतात. आई तोच प्रश्न चार वेळा विचारते, वडिलांना बाजाराचा हिशेब जुळत नाही, हे अशा भेटीत ध्यानात येते. परंतु ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून विषय तेथेच सोडला जातो आणि उपचारांची मोलाची वेळ निघून जाते.

वस्तुतः वयोमानानुसार येणारा विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश यांत मोठे अंतर आहे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे स्वाभाविक होय. परंतु पायाखालच्या वाटेवर चुकणे, जन्मभर रांधलेले कालवण करता न येणे, स्वभाव पालटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये अशा एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळे आल्यानेही स्मृतिभ्रंश जडतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ व त्याहून अधिक वयाच्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना हा विकार आहे. शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले.

तपासणी आणि प्रतिबंध

विस्मरणाची काही कारणे उपचारसाध्य असतात. थायरॉईडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची खिन्नता यांमुळे स्मरणशक्ती मंदावली असेल, तर ती उपचारांनी सुधारू शकते. म्हणून लक्षणे दिसताच प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथील सल्ल्यानुसार अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी करून घेणे हिताचे ठरते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये चौदा टाळता येण्याजोगी कारणे नोंदविली. ती दूर केल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू अथवा लांबू शकतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, दृष्टी व श्रवण यांतील दोष, एकटेपणा आणि दूषित हवा ही त्यांपैकी काही होत. खाऱ्या सुक्या मासळीचा बेताने वापर, तंबाखू व मशेरीचा त्याग, चुलीच्या धुरापासून सुटका, पुळणीवरचा रोजचा फेरफटका, वेळीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, गरज असल्यास श्रवणयंत्र आणि भजनी मंडळातील सहभाग हे उपाय येथील कोणत्याही कुटुंबाच्या आवाक्यातील आहेत.

घरची शुश्रूषा

अल्झायमरचा आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु समंजस शुश्रूषेने रुग्णाचे दिवस सुसह्य होतात. एखादे वृद्ध कोळी बांधव पहाटे होडीवर जाण्यास निघाले, तर ‘तुमची होडी केव्हाच विकली’ असे सांगून वाद घालू नये. ‘आज वारा फिरला आहे, आधी चहा घेऊ’ असे म्हणून त्यांच्या हाती जाळे द्यावे. हातांना लागलेले वळण नावे-गावे विसरल्यानंतरही बराच काळ टिकते. दिनक्रम ठरलेला असावा, रात्री मंद दिवा असावा. वाडीतील विहिरीवर जाळी बसवावी, खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. समुद्र व खाडी जवळ असल्याने शेजाऱ्यांनाही आजाराची पूर्वकल्पना द्यावी.

हा भार बहुधा घरातील एकाच स्त्रीवर, सुनेवर वा लेकीवर पडतो. तिला आठवड्यातून काही तास तरी विसावा मिळावा, ही कुटुंबातील इतरांची जबाबदारी आहे. दूर असलेल्या मुलांनी केवळ पैसे पाठवून हे कर्तव्य संपत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्यानेही मुलांवर टाकली आहे.

स्मृतिभ्रंश लपविण्याजोगा कलंक नव्हे. ज्यांनी वाड्या शिंपल्या आणि समुद्राशी झुंज देऊन संसार उभे केले, त्यांना उद्या आपल्या माणसांची नावे आठवणार नाहीत कदाचित. पण मायेचा स्पर्श त्यांना कळतो. तो त्यांना अखेरपर्यंत लाभावा.